तीन पट्ट्यांचं पाखरू

कोळार, बिदर
८ नोव्हेंबर

अक्का,

माझं अक्षर बघून तू पाकीट न उघडताच फाडशील, म्हणून पत्ता गोदामाच्या वॉचमनकडून लिहून घेतलाय. म्हणजे धारवाड हा शब्द आता त्याला माहीत झाला. नको होता व्हायला. पण फोन तू घेत न्हाईस, तीन वर्षं झाली, मग काय करणार? पोस्टात तिकीट मागितलं तर तिथली बाई म्हणाली, "कुणाला पत्र लिहायलास रे बाबा? जेलात हाय का कुणी?" मी म्हणालो, न्हाई, बहीण आहे. तर हसली. कामून हसली कुणास ठाऊक.

अक्कलकोटच्या त्या दोन तिकिटांचं मी काढणार न्हाई. तूही काढू नकोस. हे पत्र एका किड्याबद्दल आहे. किडे हे तुझं काम, शेतकी कॉलेजातलं, म्हणून तुला.

मी जूनपासून इथं आहे. त्याआधी हुमनाबादला टायरच्या दुकानात होतो, त्याआधी सोलापूर, त्याआधी हैदराबादला लग्नाचे मांडव. ते जाऊ दे. इथं आम्ही पॅलेटं करतो. पॅलेट म्हणजे मालाखाली घालायची फळ्यांची चौकट, तू रेल्वेत बघितली असशील. इथल्या औषधांच्या कारखान्यांना अमेरिकेतून मशिनी येतात, मोठमोठ्या लाकडी खोक्यांत. खोकी मोडायची, त्याच फळ्यांची पॅलेटं ठोकायची, त्यांवर औषधाची खोकी चढून परत परदेशात. म्हणजे लाकूड माझ्यापेक्षा जास्त फिरतं.

तर त्या फळ्यांच्या कडेला कुठं कुठं साल राहिलेली असते. दिवाळीच्या आधीपासून त्या सालीतून एक पाखरू निघायलंय. करंगळीच्या नखाएवढं. राखेचा रंग. पंखावर तीन फिकट पट्ट्या आडव्या. उडतं कमी, बसतं जास्त. असं पाखरू मी हिकडं कधी बघितलं न्हाई आणि मी किती हिंडलोय ते तुला माहीत आहे. अप्पांच्या तुरीला आता फूल आहे. हे तुरीवर गेलं तर? एवढंच विचारायचं होतं.

इथं बाकी बरं आहे. फळ्या तापवायची एक भट्टी आहे, म्हणजे पत्र्याची खोलीच. तिच्यात परवा मांजर व्याली, चार पिल्लं, एक पूर्ण पांढरं. मी रोज दूध घालतो. भट्टीवर वीरभद्रप्पा म्हणून एकजण आहेत, मैलूरचे, साठीच्या आसपास, आपल्यातलेच, गळ्यात लिंग, कपाळ कधी कोरं न्हाई. त्या माणसाचं मला काही कळत न्हाई. विभूतीची डबी खिशात असते ते ठीक. पण त्यांच्याकडं दोन डब्या आहेत. एक सकाळी उघडतात, बोटं लावतात, बंद. दुसरी दिवसातून चार वेळा उघडतात, आणि बोटं कपाळाला लागतच न्हाईत. आणि उघडताना पाठ फिरवतात. अक्का, एका माणसाला विभूतीच्या दोन डब्या कशाला लागतात?

उत्तर गोदामाच्या पत्त्यावर नको. खालच्या चहावाल्याच्या पत्त्यावर दे.

प्रभुलिंग

कोळार
१७ नोव्हेंबर

अक्का,

पोस्टकार्ड कामून पाठवलंस? चहावाल्यानं वाचलं, त्याच्या बायकोनं वाचलं, मग मला मिळालं. तीन वर्षांनी चार ओळी, आणि त्याही सगळ्या गावाला वाचून दाखवल्यासारख्या. "मेलेलं पाठव. कापसात गुंडाळ. टाचणी लावू नकोस. कुठल्या फळीतून, कधी निघालं ते लिही." खाली नावसुद्धा न्हाई. पण 'टाचणी लावू नकोस' वाचून मला तूच दिसलीस, शाळेत असताना माझ्या हातावर पट्टी मारणारी.

काडेपेटीत दोन पाठवलीत. फळी कुठली, ते मला सांगता येणार न्हाई. फळ्या खूप असतात.

इथं एक भानगड झालीय. आपली पॅलेटं ज्या कारखान्यात गेली, तिथल्या पांढऱ्या खोलीत, म्हणजे जिथं डोक्याला पिशवी घालून आत जावं लागतं तिथं, हेच पाखरू सापडलं. तिथून फोन आला. आमचे मॅनेजर प्रशांतकुमार साहेब, इस्त्रीचा माणूस, कधी घाम येत न्हाई, त्यांना त्या दिवशी आला. दुपारच्या सुट्टीत त्यांनी वीरभद्रप्पांना गेटवर थांबवलं आणि म्हणाले, "दुसरी डबी काढा."

ते म्हणाले, "कुठली दुसरी?"

"डाव्या खिशातली."

डाव्या खिशातली, असं नेमकं. कुणीतरी सांगितलं असणार. हल्ली कुणाचं तोंड कुठं उघडेल, भरवसा न्हाई.

डबी उघडली. आत कागदाच्या बारक्या पुड्या, आणि प्रत्येक पुडीत एक पाखरू. साहेब ओरडले, "हे तुम्हीच आणून सोडायलाव व्हय आमच्या मालात? आं? का भट्टी न पेटवता झोपा काढल्या?" एक पुडी खाली पडली होती ती म्हाताऱ्यानं वाकून उचलली, फुंकर मारून डबीत ठेवली, आणि चालत निघून गेला. सायकल तिथंच राहिली. वॉचमन म्हणतो, चोर असता तर सायकल सोडली असती का? मी म्हणालो, चोर असल्याशिवाय चालत गेला असता का? दोन्ही बरोबर वाटतं.

आता सरकारी अधिकारी तपासणीला येणार आहेत, तेरा डिसेंबरला. परदेशी जाणाऱ्या लाकडाची तपासणी करतात ते. साहेब अहवालात वीरभद्रप्पांचं नाव देणार. एकदा तिथं नाव गेलं की कोळारमधल्या कुठल्याच कारखान्याच्या गेटात त्यांना कुणी घेणार न्हाई. पण मी कशाला त्याचा विचार करू? माझी काय ओळख!

तुरीचं तेवढं लवकर कळव.

प्रभु

कोळार
२९ नोव्हेंबर

अक्का,

तुझं पाकीट मिळालं. या वेळी बंद पाकीट, आभारी आहे. पण चिकटवलेली कड दोनदा चिकटवल्यासारखी दिसते. चहावाला म्हणतो तसंच आलं. त्याचं मला काही खरं वाटत न्हाई.

पहिलं पान तीनदा वाचलं. हे पाखरू अमेरिकेतल्या जंगलातलं. तिकडच्याही फार थोड्या माणसांनी बघितलेलं. तुमच्या सरांना चित्रांच्या पुस्तकात धड सापडलं न्हाई, एवढंच म्हणाले की अमक्या कुळातलं दिसतं, अळी तिकडच्या एकाच झाडाचं पान खाते आणि ते झाड आपल्याकडं न्हाई. तुरीला धोका बहुधा न्हाई, तू लिहिलंस. बहुधाखाली दोन रेघा मारल्यास. म्हणजे सालीच्या फटीत झोपून इतक्या लांब आलं, जागं झालं, आणि इथं त्याला खायला एक पान न्हाई. मला हसू आलं आधी. मग न्हाई आलं.

पण दुसऱ्या पानाची काय गरज होती?

"तुरीचं सोड. फळी गाभ्यापर्यंत छप्पन्न डिग्रीला अर्धा तास तापवली असती तर त्यातून काहीही जिवंत निघालं नसतं. तू लिहिलंस की भट्टीत मांजर व्यालीय. पेटत्या भट्टीत मांजर वीत नाही. मग भट्टी बंद कधीपासून आहे? आणि बंद असेल तर फळ्यांवर ठसा कोण मारतं?"

तू पोलिसात कधी गेलीस? मी पाखरू विचारलं, तू मांजर धरलीस. तीन वर्षं बोलायचं न्हाई, आणि बोलायचं तर हे. मला तर शंका आहे की हे दुसरं पान शिवप्रसादनं, म्हणजे भाऊजींनी, सांगून लिहून घेतलं. त्यांचा माझ्यावर जुना राग आहेच.

बरं. भट्टी गणपतीपासून बंद आहे. डिझेल वाचतं म्हणून. साहेबांनी सांगितलं. वीरभद्रप्पा तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "साहेब, गार लाकडावर ठसा मारायचा तर दुसरा माणूस बघा. माझ्यानं व्हायचं न्हाई." साहेब हसले. म्हणाले, "तुम्ही नुसतं बसा मग. पगार घ्या." तेव्हापासून ते भट्टीसमोर स्टुलावर नुसते बसायचे. मला वाटायचं म्हातारा मजेत आहे.

ठसा म्हणजे एक पत्रा असतो, त्यात अक्षरं कापलेली. एक लोंबीसारखं चित्र, दोन इंग्रजी अक्षरं, खाली त्या दिवसाच्या थप्पीचा नंबर. फळीवर पत्रा धरायचा, काळी फवारणी मारायची, उचलायचा. झालं, लाकूड तापलं! सोपं काम आहे. जो रिकामा असेल तो मारतो.

मांजरीचं पांढरं पिल्लू वॉचमननं नेलं. मला न विचारता.

प्रभुलिंग

मैलूर, बिदर
७ डिसेंबर

अक्का,

तुझं उत्तर आलं न्हाई. न्हाई येणार, मला वाटलंच.

आज मी मैलूरला बसून लिहायलोय, वीरभद्रप्पांच्या ओट्यावर. सायकल परत द्यायला आलो होतो. खरं म्हणजे बघायला आलो होतो, की हा माणूस बाहेर कुणाकुणाला काय सांगायलाय. आधी गल्लीच्या तोंडाशी थांबलो, किराणा दुकानात शेंगदाणे घेतले, दुकानदाराला विचारलं वीरभद्रप्पा कसे आहेत म्हणून. तो म्हणाला, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, पावणा. तो म्हणाला, "पावणा असून घर ठावं न्हाई?" मग जावंच लागलं.

त्यांची बायको, अक्कम्मा, दारात ज्वारी पाखडत होती. मला बघून सूप थांबलं न्हाई.

"या. आज काय मोजाय आलाव? घरात डब्या पाच हायत. एक हळदीची, एक कुंकवाची, दोन मिठाच्या, आणि पाचवी तुम्हाला ठावीच हाय. मोजून घ्या, म्हंजे पुन्हा कुणाला सांगताना चूक व्हायला नको."

अक्का, मी सांगितलं होतं. दुसऱ्या डबीचं. डावा खिसा मीच सांगितला. कारखान्यातून फोन आला त्या सकाळी साहेब सगळ्यांकडं बघायलेत, माझ्याकडं जरा जास्तच बघायलेत असं मला वाटलं, आणि माझ्या तोंडातून निघालं, "साहेब, त्या म्हाताऱ्याकडं दोन डब्या हायत." मला वाटलं गोळ्या असतील, किडे मारायच्या गोळ्या चोरून विकत असतील. हे मी स्वतःला सांगितलं. खरं हे की साहेबांची नजर माझ्यावरून दुसरीकडं जायला पाहिजे होती. कारण रिकामा कुणीच नसतो. गणपतीपासून ठसा मी मारलाय. पत्रा माझ्या कपाटात असतो.

वीरभद्रप्पा आतून म्हणाले, "कोण ते? प्रभु? ये तम्मा, ये. भाकरी झालीय."

मी म्हणालो, भूक न्हाई. अक्कम्मा म्हणाली, "भूक नसलेला माणूस शेंगदाणे खिशात घालून हिंडतो व्हय?" बसलो. भाकरी, पुंडीची भाजी, वर तेल. कुणी काही विचारलं न्हाई. तेच वाईट. जेवण झाल्यावर मीच विचारलं, मामा, ती पाखरं कशाला गोळा करत होताव?

त्यांनी डबी आणली. एक पुडी उलगडली, माझ्या तळव्यावर ठेवली. म्हणाले, "बघ. ह्या रेघा. तीन बोटं ओढल्यागत न्हाईत का? सगळे चपलेनं मारायलेत. मी कपाळाला तीन ओढायच्या आणि पाठीवर तीन ओढलेल्याला चिरडायचं? जमतंय का?"

मी म्हणालो, "अमेरिकेत त्याला विभूती लावली कुणी?"

"तुला लावली त्यानंच. तुला तरी कुठं विचारून लावली!"

अक्कम्मा हसली. पहिल्यांदाच. म्हणाली, "मेलेलं घरी आणायचे आणि तुळशीपाशी पुरायचे. मला वाटलं म्हातारपणी येड लागलं. मग पुराय जागा राहिना, म्हणून डबीत."

पुडीच्या कागदावर पेन्सिलीनं काही लिहिलं होतं. वर तारीख, खाली नंबर. नंबर माझ्या ओळखीचा. माझ्या ठशातला. मी विचारलं, हे कामून लिहिलं?

"ज्या फळीतनं निघालं तिच्यावर घरनंबर व्हता की. परक्या गावात मेलं बिचारं. निदान घर कुठलं ते तरी लिहावं."

एकवीस पुड्या आहेत, मी बघितल्या. प्रत्येकीवर माझ्या ठशातला नंबर, आणि ठसा मारल्यानंतरची तारीख. तापवलेल्या लाकडातून, तापवल्यावर आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी, जिवंत निघालेलं पाखरू. हे त्या अधिकाऱ्यासमोर ठेवलं तर भट्टी थंड होती हे लहान पोराला कळेल. मी म्हणालो, मामा, हे घेऊन तेराला या. ते म्हणाले, "आणि साहेब म्हणाले भट्टी म्हाताऱ्यानं थंड ठेवली, तर? माझ्या बाजूनं कोण सांगणार, हे पाखरू?"

अक्कम्मा माझ्याकडं बघत होती. म्हातारा न्हाई. तो पुडी परत बांधत होता.

तुला आठवतं, तुझ्या वहीत मला अक्कलकोटची एसटीची दोन तिकिटं सापडली होती. एका माणसाला दोन तिकिटं कशाला लागतात, असं म्हणत मी ती अप्पांसमोर ठेवली. शुक्रवार होता. शिवप्रसादचं तू रविवारी स्वतः सांगणार होतीस, अव्वानं मला नंतर सांगितलं. बसवण्णांच्या गुडीतून दर्शन घेऊन आल्यावर, अप्पांच्या पायाशी बसून, सावकाश. माझ्यामुळं तू शनिवारीच त्यांच्याबरोबर निघून गेलीस, आणि तेव्हापासून आपल्या गावात, करजगीत, तुझं नाव कुणी मोठ्यानं घेत न्हाई.

काढणार न्हाई म्हणालो होतो. निघालं.

प्रभु

बिदर, बसस्टँड
१३ डिसेंबर

अक्का,

आधी तुला खरं सांगतो. आज सकाळी सहाला मी पिशवी भरली होती. झहीराबादमार्गे हैदराबादची गाडी लागली होती, खिडकीजवळ बसलोसुद्धा. मांडवाचं काम तिथं बाराही महिने असतं. कंडक्टर आला, म्हणाला, "किती? एक का दोन?"

मी उतरलो. तो मागून काहीतरी बोलला, उर्दूत. चांगलं नसणार.

गोदामात गेलो तर भट्टी पेटलेली. साहेबांनी पहाटे पेटवून घेतली होती, पिल्लं बाहेर पोत्यावर. दाराबाहेर खिळ्याला तापमानाच्या नोंदींची नवी वही, आतली सगळी पानं एकाच शाईनं लिहिलेली. अधिकारी आले, चष्मेवाले, बारीक, सर्दी झालेली. सोबत एक बाई, नाव पल्लवी, त्या फोटो काढत होत्या. साहेबांनी सांगायला सुरुवात केली. भट्टीवरचा माणूस बेजबाबदार होता, काढून टाकलाय, नाव वीरभद्रप्पा, लिहून घ्या. अधिकारी लिहायला लागले. 'वीर' लिहून झालं होतं, मला दिसत होतं.

वीरभद्रप्पा गेटबाहेर उभे होते. वॉचमन आत सोडत न्हाई, म्हणजे सोडायचं न्हाई असं त्याला सांगितलेलं. डबी हातात.

मी कपाटातून पत्रा आणला आणि टेबलावर ठेवला. त्याला काळी फवारणी इतकी चिकटलेली की ती हाताला लागली. म्हणालो, "साहेब, त्यांचं नाव नका लिहू. त्यांनी गार लाकडावर ठसा मारायला नकार दिला होता, सगळ्यांसमोर. गणपतीपासून भट्टी पेटली न्हाई. ठसा मी मारला. मारायला ह्या आमच्या मॅनेजरांनी सांगितलं. पाखरं त्यांच्या डबीत हायत, बोलवा आत, एकेका पुडीवर तारीख हाय."

प्रशांतकुमार साहेब म्हणाले, "हा पोरगा कुठंच चार महिने टिकत न्हाई. ह्याचं काय ऐकायलाव?"

ते खरंच आहे. मी म्हणालो, साहेब, इथं सहा झाले.

अधिकाऱ्यांनी नाक पुसलं. माझ्या हाताकडं बघितलं, पत्र्याकडं बघितलं, एक फळी मागवली. मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्यांना आत घ्या." पल्लवी बाईंनी एकवीस पुड्यांचे एकवीस फोटो काढले. वीरभद्रप्पा प्रत्येक वेळी म्हणत होते, "हळू, ताई. पंख झडतात." शेवटी अधिकाऱ्यांनी 'वीर' खोडलं. खोडून वर दोन नावं लिहिली. एक साहेबांचं. दुसरं तुझ्या भावाचं. पुढं काय होईल, ते म्हणाले, कळवू. मला कामावरून दुपारीच काढलं. वीरभद्रप्पा सायकलीवरून आले होते, मला डबलसीट घेऊन स्टँडवर सोडलं. मी म्हणालो, मामा, मी चालवतो. म्हणाले, "तू मागं बस. मागं बसलास की तू पळून जायलास का राहायलास ते कळत न्हाई, पण वजन तरी कळतं."

अप्पांना फोन केला होता. तुरीला धोका न्हाई म्हणून सांगितलं. म्हणाले, "कोण म्हणलं?" मी म्हणालो, अक्का. मग म्हणाले, "बहुधा म्हणली असंल. पक्कं असल्याबगर ती कधी पक्कं म्हणत न्हाई." अप्पांना हे कसं माहीत, अक्का? तू त्यांना लिहितेस का? का भाऊजी? मला पहिला संशय तोच आला. मग वाटलं, लिहीत असशील तर लिही. मला सांगू नकोस.

डबी सोबत पाठवतोय. वीरभद्रप्पांनी तुझ्यासाठी दिली. म्हणाले, तुझ्या बहिणीला सांग, एक मला ठेवलीय, वीस तिच्याकडं. नाव सापडलं तर कळव म्हणावं. घरनंबर हाय, नाव न्हाई, असं बरं दिसत न्हाई.

ह्या पानाच्या मागं मी ठसा मारलाय. लोंबी, दोन अक्षरं, आजचा नंबर. पत्रा अधिकाऱ्यांनी नेला, त्याआधी मारून घेतला. कागद तापवलेला न्हाई, म्हणजे हाही खोटाच. फक्त ह्या वेळी कुणी मारला ते खाली लिहिलंय.

प्रभुलिंग भीमण्णा, करजगी